शॉक अॅब्सॉर्बर घट्ट की मऊ?

रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास परळहून भायखळ्याच्या दिशेने लालबागच्या उड्डाणपुलावर मोटार घातली की मुंबईत क्वचितच मिळणारी वस्तू मिळते, ती म्हणजे मोकळा रस्ता. अशा वेळी कधीतरी शेजारून एखादी बुटकी केलेली, रुंद टायरांची हॅचबॅक पुढे निघून जाते. पुलाच्या दोन भागांमधील सांध्यावर ती येते तेव्हा तिच्या मागच्या चाकांकडे पाहावे. चाक सांध्यावरून उतरत नाही, उडते. क्षणभर टायरचा आणि रस्त्याचा काही संबंधच उरत नाही. आत बसलेल्या चालकाला मात्र मोटार ‘घट्ट’ झाल्याचे समाधान असते. कारण त्याने अलीकडेच बऱ्यापैकी पैसे मोजून अॅडजस्टेबल, म्हणजे कमीअधिक घट्ट करता येणारे शॉक अॅब्सॉर्बर बसवून घेतलेले असतात आणि त्यांचे नॉब शेवटच्या टोकापर्यंत फिरवून ठेवलेले असतात.

ही हौस नवी नाही आणि गैरही नाही. मुंबईला वेगाची चटक लागावी असे रस्ते गेल्या दोन-अडीच दशकांत एकामागोमाग एक खुले झाले. २००२ मध्ये जे. जे. उड्डाणपूल, २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०११ मध्ये लालबागचा पूल, २०१३ मध्ये पूर्व मुक्त मार्ग, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आणि त्याच वर्षीच्या मार्चपासून टप्प्याटप्प्याने किनारा रस्ता. दुसरीकडे, पूर्वी केवळ मासिकांत पाहायला मिळणाऱ्या मोटारी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. फियाट पॅलिओ १.६, फोर्ड आयकॉन, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, पुढे फोक्सवॅगन पोलो जीटी आणि ह्युंदाई आय२० एन लाइन अशी ही परंपरा आहे. प्रश्न एवढाच, की किनारा रस्त्यावर मोजकी मिनिटे घालवणारी ही मोटार उरलेला सारा वेळ गिरगाव, लालबाग, दादरच्या गल्ल्यांत घालवते. तिच्या शॉक अॅब्सॉर्बरचा नॉब नेमका कोणत्या रस्त्यासाठी फिरवायचा?

त्याचे उत्तर शोधण्याआधी एक गैरसमज दूर करावा लागेल. शॉक अॅब्सॉर्बर हे नावच मुळात दिशाभूल करणारे आहे. धक्का तो शोषत नाही, धक्का घेते ती स्प्रिंग. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळले की स्प्रिंग दबते आणि त्या आघातातील ऊर्जा स्वतःत साठवते. पण साठवलेले परत देणे हा स्प्रिंगचा धर्म आहे. तिला मोकळे सोडले तर ती मोटारीला वर फेकील, पुन्हा खाली घेईल, आणि हा झोपाळा बराच वेळ चालू राहील. कुरकुरणाऱ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत मागच्या आसनावर बसून ज्यांनी महालक्ष्मी ते दादर असा प्रवास केला आहे, त्यांना हा झोपाळा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पद्मिनीला मागे पाट्यांची कमान होती. शॉक अॅब्सॉर्बर थकले की गतिरोधक ओलांडल्यानंतरही ती टॅक्सी दोन-तीन वेळा मान डोलावत पुढे जाई. ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सींचे मुंबईतील आयुष्य संपले, पण मेकॅनिकांच्या बोलीतला ‘शॉकअप गेला’ हा शब्दप्रयोग मागे राहिला.

शॉक अॅब्सॉर्बरचे काम हा झोका मारण्याचे. नळीत तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा, इतकीच त्याची मांडणी. दट्ट्या वरखाली होताना तेलाला त्या अरुंद वाटेने जावे लागते, घर्षण होते आणि झोक्यातील ऊर्जा उष्णतेत बदलते. लांबच्या खराब रस्त्यानंतर शॉक अॅब्सॉर्बरला हात लावला तर तो तापलेला असतो, तो यामुळेच. म्हणजे तो मोटारीचे वजन पेलत नाही, मोटारीची उंचीही ठरवत नाही. मोटार कितपत वेगाने दबेल आणि कितपत वेगाने पुन्हा उसळेल, एवढेच तो ठरवतो.

येथेच पहिला हिशेब चुकतो. वळणावर मोटार बाहेरच्या बाजूला कलते, ते थांबावे म्हणून अनेक जण शॉक अॅब्सॉर्बर घट्ट करतात. पण वळण लांब असेल तर मोटार शेवटी किती कलणार हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात. घट्ट शॉक अॅब्सॉर्बरमुळे ती तेवढीच कलते, फक्त सावकाश कलते. मार्गिका बदलताना, स्टीअरिंग झटकन वळवताना हा सावकाशपणा मोलाचा असतो. मोटार ‘हातात असल्यासारखी’ वाटते ती त्यामुळे. हा लाभ खरा आहे आणि त्यासाठी पैसे खर्च करणाऱ्याला वेडा म्हणण्याचे कारण नाही. पण अवाच्या सवा कलणारी मोटार केवळ नॉब पिळून सरळ उभी राहणार नाही.

घट्टपणा कमीजास्त करता यावा ही कल्पना मोटारीच्या बाल्यावस्थेतलीच. विसाव्या शतकाच्या आरंभी ट्रुफो या फ्रेंच तंत्रज्ञाच्या कल्पनेवर अमेरिकेतील एडवर्ड हार्टफोर्ड यांनी जे घर्षणाचे शॉक अॅब्सॉर्बर बाजारात आणले, त्यांत एकमेकांवर दाबलेल्या चकत्या असत. मधला नट आवळला की ते घट्ट होत. १९३० च्या दशकातील काही बेंटली मोटारींत तर चालकाला बसल्या जागी हे नियंत्रण करता येई. पुढे तेलाच्या दुर्बिणवजा नळ्या आल्या. हॉलंडच्या कोनी कंपनीने बाहेरून कमीअधिक करता येणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरवरच आपले नाव कमावले. जर्मनीच्या बिल्स्टाइनने वायूच्या दाबाखालील एकनळी रचना रूढ केली आणि गंमत म्हणजे तिची सर्वाधिक नावाजलेली काही उत्पादने मुळीच अॅडजस्टेबल नाहीत. आपल्याकडे गॅब्रिएल इंडियाने १९६१ पासून, मुलुंडच्या कारखान्यापासून आरंभ करून, सर्वसामान्य मोटारींची गरज भागवली. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या आणि आयात शुल्काच्या वादामुळे घरोघरी पोहोचलेल्या फेरारी ३६० मोडेनामध्ये शॉक अॅब्सॉर्बरचे नियंत्रण विजेवर चाले. ती सोय कारखान्यानेच दिलेली होती. हौशी मोटारमालक आपल्या पोलोला जे बसवू पाहतो, ते या सोयीचे हातांनी फिरवायचे रूप म्हणता येईल.

या हातांनी फिरवायच्या प्रकारातही बरेच भेद आहेत आणि दुकानदार ते क्वचितच उलगडून सांगतात. शॉक अॅब्सॉर्बरच्या दोन हालचाली असतात. चाक वर येते तेव्हा तो दबतो, चाक खाली जाते तेव्हा तो ताणला जातो. इंग्रजीतून आलेल्या शब्दांत पहिली कम्प्रेशन, दुसरी रिबाउंड. आपण त्यांना दाब आणि उसळी म्हणू. एकच नॉब असलेल्या अनेक शॉक अॅब्सॉर्बरांत तो केवळ उसळी आवरतो. कोनीचे पिवळे ‘स्पोर्ट’ शॉक अॅब्सॉर्बर याच जातीचे आहेत. इतर काहींत एकाच नॉबने दाब आणि उसळी दोन्ही एकदम बदलतात. महागड्या संचांत दोहोंसाठी वेगळे नॉब असतात. याशिवाय ‘कॉइलओव्हर’ म्हणून जो संच मिळतो, त्यात स्प्रिंगची बैठक आट्यांवर फिरवून मोटारीची उंचीही बदलता येते. उंची आणि घट्टपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कित्येक स्वस्त कॉइलओव्हर उंची बदलून देतात, घट्टपणा मात्र कारखान्यात जो ठरला तोच राहतो. बत्तीस क्लिकचा नॉब सोळा क्लिकच्या नॉबपेक्षा दुप्पट चांगला असतो असेही नाही. दोन क्लिकमध्ये फरक जाणवतो की नाही, आणि डाव्या-उजव्या शॉक अॅब्सॉर्बरचा पाचवा क्लिक एकसारखा वागतो की नाही, हे महत्त्वाचे.

आता मुंबईच्या रस्त्यांकडे येऊ. या साऱ्या विषयातली सर्वांत उपयुक्त, तरीही सर्वांत कमी समजलेली गोष्ट येथे आहे. शॉक अॅब्सॉर्बरच्या तंत्रात ‘कमी वेग’ आणि ‘जास्त वेग’ हे शब्द सतत येतात, पण तो वेग मोटारीचा नव्हे, दट्ट्याचा असतो. सागरी सेतूवर ताशी ८० कि.मी. वेगाने मार्गिका बदलताना मोटार अर्ध्या सेकंदात साधारण तीन सेंटिमीटर कलली असे धरा. म्हणजे दट्ट्या सेकंदाला सहा सेंटिमीटर या संथ गतीने सरकला. याउलट परळच्या एखाद्या आडरस्त्यावर ताशी ३० कि.मी. वेगाने जाताना, खचलेल्या पेव्हर ब्लॉकची अडीच सेंटिमीटरची कड चाकापुढे आली. चाकाला ती चढण्यास सेकंदाचा जेमतेम सत्तरावा भाग मिळतो. गणिताने हा वेग सेकंदाला दीड मीटरच्या पुढे जातो. टायर स्वतः दबून त्यातला काही भाग गिळतो हे खरे, तरीही दट्ट्याला पहिल्या उदाहरणाच्या कित्येक पट वेगाने पळावे लागते. मोटार रेंगाळत असते आणि दट्ट्या धावत असतो. म्हणूनच सागरी सेतूवर छान वाटलेली मोटार डॉ. आंबेडकर रस्त्याच्या कडेच्या पट्टीत दात वाजवते, आणि मालक चक्रावतो की मी तर हळूच चाललो होतो.

चांगल्या शॉक अॅब्सॉर्बरची परीक्षा या दोन वेगांच्या मधल्या जागेत होते. संथ हालचालीला तो कणखर विरोध करतो, पण दट्ट्या एकदम पळू लागला की झडपा उघडून तेलाला वाट देतो. बहुतेक रस्त्यावरच्या संचांत नॉबचा परिणाम मुख्यतः संथ हालचालीवर असतो. तो टोकापर्यंत आवळला की तेलाची ती छोटी पळवाट बंद होते आणि वेगवान धक्क्यालाही झडप उघडेपर्यंत अधिक अडथळा होतो. स्वस्त बनावटीत तर झडपांची रचनाच ढोबळ असते. तेथे घट्ट म्हणजे सर्वच वेगांना घट्ट.

घट्टपणाची मर्यादा किती असावी यालाही माप आहे. एकही झोका न घेता मोटार थेट आपल्या जागी येऊन थांबेल, एवढा विरोध म्हणजे शंभर टक्के धरला, तर साध्या कौटुंबिक मोटारीत तो साधारण वीस ते चाळीस टक्के ठेवतात. खेळकर चालीच्या मोटारीत संथ हालचालीपुरता तो साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत नेतात, पण तो गुळगुळीत रस्त्यावर. शंभराच्या पुढे जाणारी मोटार स्थिर नसते, ती रस्त्याला चिकटण्याऐवजी रस्त्याबरोबर हादरते. बुटक्या स्प्रिंगा बसवणाऱ्यांसाठीही येथे एक आकडा कामाचा आहे. स्प्रिंग वीस टक्क्यांनी कडक झाली तर पूर्वीचे प्रमाण टिकवण्यासाठी शॉक अॅब्सॉर्बरचा विरोध सुमारे दहा टक्क्यांनीच वाढवावा लागतो. दुप्पट करण्याचे काहीच कारण नसते.

उसळीचा नॉब फार आवळल्यास आणखी एक विकार जडतो. चाक खड्ड्यात उतरायला हवे, पण शॉक अॅब्सॉर्बर त्याला ताणू देत नाही. पहिल्या उंचवट्यावर दबलेले चाक पुरते खाली येण्याआधीच दुसरा उंचवटा येतो, मग तिसरा. मोटार दर उंचवट्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही. मग रबरी बंप स्टॉपवर आपटणे सुरू होते. चालक म्हणतो, ‘अजून मऊ आहे, अजून घट्ट करा.’ उपाय नेमका उलटा असतो. सिग्नलच्या अलीकडे रंगवलेल्या जाड पट्ट्यांवर हे सहज अनुभवता येते. पट्ट्या अर्ध्या-अर्ध्या मीटरवर असतील, तर ताशी २५ कि.मी. वेगाने सेकंदाला सुमारे चौदा धक्के बसतात. मोटारीचा सांगाडा सेकंदाला एक-दीड झोके घेतो, चाक-टायर-एक्सल यांची स्वतःची लय मात्र सेकंदाला दहा ते पंधरा कंपनांची असते. म्हणजे पट्ट्यांचा ताल आणि चाकाचा ताल येथे जुळतो आणि चाक रस्त्यावर नाचू लागते. या नाचाला आवर घालायला विरोध हवाच, अति मऊ शॉक अॅब्सॉर्बरही येथे नापास होतो. पण अति घट्ट उसळीने चाक हवेतच अडकून राहते. दोन्ही टोके वाईट आहेत.

आणि नेमके याच ठिकाणी ब्रेक लावायचा असतो. मुद्दा आरामाचा नाही, तो येथेच गंभीर होतो. टायरची पकड त्यावरील भारावर अवलंबून असते, परंतु भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे चाकावरचा भार सतत कमीजास्त होत राहिला, तर सरासरी पकड घटते. चाक क्षणभर उचलले गेले की ते ब्रेकने लगेच थांबते, एबीएस प्रणालीला ते घसरल्यासारखे वाटते आणि ती ब्रेकचा दाब सोडते. जुलैच्या पावसात, भारतमाता सिनेमाजवळच्या गर्दीच्या सिग्नलला, समोर आडवी आलेली म्हातारी बाई आणि मोटारीचे बॉनेट यांच्यातले अंतर अशा क्षणांवर ठरू शकते. मोटार ‘घट्ट वाटणे’ आणि टायर रस्त्याला धरून राहणे या दोन गोष्टी चालकाच्या पाठीला सारख्याच वाटतात, रस्त्याला मात्र नाही.

गतिरोधकांचाही विचार करावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे लांब उताराची टेकडी असावा, जो ताशी २५ कि.मी. वेगाने ओलांडता यावा. प्रत्यक्षात शाळेजवळ, सोसायटीच्या फाटकाशी जे भेटतात ते हातभर रुंदीचे उंच बांध किंवा पिवळ्या-काळ्या रबरी पट्ट्या. मोटार तीन सेंटिमीटर बुटकी केलेल्या माणसाने गिरगावात नातेवाइकांकडे जेवायला जाण्याआधी ठाकूरद्वारच्या कोणत्या गल्लीत कोणता बांध आहे याची उजळणी करावी, हे विनोदाने म्हटले तरी खोटे नाही. गणपतीच्या दिवसांनंतर मंडपाच्या खांबांचे बुजवलेले खड्डे लालबाग-परळच्या रस्त्यांवर काही काळ आपले अस्तित्व दाखवतात, तेही ध्यानात ठेवावे.

तेव्हा हे शॉक अॅब्सॉर्बर घ्यावेत की घेऊ नयेत? या लेखकाच्या मते, पाच-सहा वर्षे वापरलेल्या मोटारीत पहिला खर्च येथे करू नये. आधी टायर पाहावेत, त्यांचे वय आणि हवेचा दाब पाहावा. मग खालच्या आर्मचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट, पुढच्या स्ट्रटवरचे रबरी माउंटिंग आणि त्यातील बेअरिंग तपासावे. मुंबईच्या खड्ड्यांत हे भाग शॉक अॅब्सॉर्बरच्याही आधी दम तोडतात. खडखड ऐकून ‘शॉकअप बदला’ असा सल्ला मिळतो आणि नवा महागडा संच जुन्या फाटक्या बुशांवर बसतो, मग खडखड आहे तशीच राहते. बॉनेटवर दाब देऊन मोटार किती वेळा हलते हे पाहण्याची पारंपरिक चाचणी पूर्ण गेलेला शॉक अॅब्सॉर्बर ओळखते, अर्धवट थकलेला नाही. नळीवर तेलाचा ओघळ, टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज, वेगात वळणावर मागची बाजू तरंगल्यासारखी वाटणे ही अधिक विश्वासार्ह लक्षणे आहेत. अनेकदा असे घडते की मूळ जातीचेच नवे चार शॉक अॅब्सॉर्बर आणि नवे बुश बसवल्यावर मालकाला हवी होती ती मोटार परत मिळते आणि नॉबची आठवणही येत नाही.

ज्यांची मोटार निरोगी आहे आणि तरीही अधिक काटेकोर चाल हवी आहे, त्यांनी जरूर घ्यावेत. पण घेताना दुकानदाराला क्लिक किती हे विचारण्यापूर्वी काही अन्य गोष्टी विचाराव्यात. नॉब उसळी आवरतो की दाब की दोन्ही? मूळ स्प्रिंगवर चालतो की बुटक्या स्प्रिंगसाठी बनवला आहे? सुटे सील आणि दुरुस्ती भारतात मिळते का? मोटार मागे कोणत्या प्रकारची आहे हेही महत्त्वाचे. पोलोसारख्या मोटारीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्याचा नॉब बॉनेटखाली, माउंटिंगच्या मधोमध सहज हाताशी येतो. मागे मात्र टॉर्शन बीम, त्याचा शॉक अॅब्सॉर्बर वेगळा आणि नॉब कधी चाकाजवळ, कधी डिकीच्या आवरणाखाली. काही जुन्या पद्धतीच्या संचांत तर शॉक अॅब्सॉर्बर मोटारीतून काढून, पूर्ण दाबून, मग फिरवावा लागतो. असा संच घेतला तर दर मोसमात मागची बाजू बदलू, हा संकल्प पहिल्याच वर्षी बारगळतो. ऑपेरा हाउस परिसरातील सुट्या भागांच्या दुकानांपासून थेट परदेशी मागणी नोंदवण्यापर्यंत खरेदीच्या अनेक वाटा आहेत. परंतु नामांकित संचाच्या नावाखाली रंगवलेली नक्कल आणि तेल भरून ‘नवे’ केलेले जुने शॉक अॅब्सॉर्बर यांपासून सावध राहावे. बसवताना मेकॅनिकने चमकणारी दांडी पकडीने धरली तर तिच्यावर ओरखडा उठतो आणि सील काही महिन्यांत गळू लागते. दांडी फिरू नये यासाठी वरच्या टोकाला स्वतंत्र सोय असते. समोर उभे राहून हे पाहावे, त्यात संकोच नको. बुशांचे नट मोटार चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे असतात, हवेत लटकलेल्या अवस्थेत नव्हे, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते. आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट अपरिहार्य आहे.

नॉब फिरवण्याची रीत साधी आहे, संयम मात्र लागतो. प्रथम निर्मात्याच्या पत्रकात मोजणी कोणत्या टोकापासून करायची ते पाहावे. काही जण पूर्ण मऊपासून मोजतात, काही पूर्ण घट्टपासून. शेवटाला पोहोचल्यावर नॉब जोराने पिळू नये, आतली सुई बिघडते. सुरुवात मऊ टोकापासून पाव भागावर करावी. समजा वीस क्लिक आहेत, तर पाचवर. मग रोजच्या ओळखीचा एक फेरा ठरवावा. दादर टीटीहून आंबेडकर रस्त्याने पुलाखालून लालबाग, तेथून भायखळा आणि परतताना पुलावरून, असा पहाटेचा फेरा पुरेसा आहे. त्यात खराब कडा, सिग्नलच्या पट्ट्या, पुलाचे सांधे आणि लांब वळण असे सर्व नमुने येतात. वेगमर्यादेच्या आतच चालवावे. जे जाणवायचे ते ताशी ४० कि.मी. वेगालाही जाणवते. एका वेळी एकाच एक्सलचे, डावे-उजवे सारखे, दोन क्लिक बदलावेत आणि वहीत लिहून ठेवावे. सांध्यानंतर मोटार दुसऱ्यांदा उसळत असेल तर उसळी थोडी वाढवावी. सांध्यावर एकच तीक्ष्ण ठोसा बसून चाक उडत असेल, किंवा पट्ट्यांवर मोटार बसत चालल्यासारखी वाटत असेल, तर कमी करावी. मागच्या आसनावर घरातील कोणाला तरी बसवावे. चालकाला स्टीअरिंगचा आनंद मिळत असल्याने त्याची पाठ खोटे बोलते, मागे बसलेल्या आईची बोलत नाही. बहुतेकांची वही शेवटी मऊ टोकापासून तिसऱ्या भागाच्या आसपास थांबते. एकदा ती जागा सापडली की किनारा रस्त्यासाठी वेगळे आणि गल्लीसाठी वेगळे अशी रोजची धावपळ करण्याचीही गरज उरत नाही. किनारा रस्त्यावर सरळ भागात कमाल मर्यादा ताशी ८० कि.मी., बोगद्यात ६० आणि वळणांवर ४० अशी आहे. त्या मर्यादेत गल्लीसाठी केलेली मऊ बांधणी कोठेही कमी पडत नाही. रात्री तेथे सुसाट धावणाऱ्या मोटारींच्या आवाजाबद्दल परिसरातील रहिवाशांनी केलेल्या तक्रारी ज्यांच्यामुळे झाल्या, त्यांचा प्रश्न शॉक अॅब्सॉर्बरचा नाही.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ लावताना ही भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. झिजलेला शॉक अॅब्सॉर्बर बदलणे ही देखभाल आहे. मोटार बुटकी करणे, चाकांची मापे बदलणे, बॉडीला हात लावणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती वाहतूक पोलिसाच्या नजरेत लगेच भरते. कॉइलओव्हर घेतला तरी मूळ उंची राखावी हे तांत्रिक आणि कायदेशीर, दोन्ही दृष्टींनी शहाणपणाचे. शंका असल्यास ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवून उत्तर जपून ठेवावे. अपघातानंतर दाव्याच्या वेळी हा कागद उपयोगी पडतो, तोंडी ‘चालेल’ नाही. मूळ शॉक अॅब्सॉर्बर मात्र भंगारात देऊ नयेत. तेल लावून, उभे करून, पोटमाळ्यावर ठेवावेत. मोटार विकताना ग्राहक बहुधा तेच मागतो.

एवढे केल्यावर वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, चारही नळ्या पुसून तेलाचा ओघळ पाहावा. चिखलाने नॉब अडकू नये म्हणून तो दोन्ही टोकांपर्यंत हलकेच फिरवून, वहीत लिहिलेल्या क्लिकवर परत आणावा. पावसाच्या चार महिन्यांसाठी दोन क्लिक आणखी मऊ केले तर लालबागच्या पुलावरून पहाटे जाताना वेळ तेवढाच लागेल. मागचे चाक मात्र सांध्यावरून उडणार नाही.